दोनशे बारा जणांचं मत

"पटणार नाही तुम्हाला, पण मी एकदा दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत दोनशे बारा माणसं झालो होतो."

तौसीफ बशीत चहा ओतत होता, तो थांबला. "म्हणजे वो काका?"

"म्हणजे न्हावी झालो, एस.टी.चा कंडक्टर झालो, दोन वकील झालो, एक बाळंतीणसुद्धा झालो."

"बाळंतीण?"

"तिची तक्रार होती की मॅचच्या गलक्यानं बाळ झोपत नाही."

तौसीफ हसला. कॉलेजच्या आत्ताच्या टीमचा तो कॅप्टन. माझ्या फेकाफेकीवर अख्खं गडहिंग्लज हसतं, त्यात तो पहिला. त्याच्या शेजारी खुर्चीत निलाक्का बसल्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. बसाप्पा आरबोळ्यांची ही मुलगी. निपाणीला शिक्षिका होत्या, आता रिटायर. बसाप्पानं, म्हणजे आमच्या बसाण्णानं, मैदानावर सतरा वर्षं लाऊडस्पीकरवरून कॉमेंट्री केली. पोरांनी आता त्याच्या नावानं काहीतरी करायचं ठरवलं होतं. उद्या घरच्या मैदानावर मॅच, त्याआधी निलाक्कांचा सत्कार, आणि बसाण्णाबद्दल दोन शब्द मी बोलायचे. त्याच्या शेजारी टेबलाला बसलेला जिवंत माणूस मीच एक उरलोय म्हणे.

मी सांगितलं, जमायचं नाही, गुडघे दुखतात.

"काका, परवा तुम्ही पेरूच्या झाडावर होता," तौसीफ म्हणाला. "मैदान इथनं हाकेवर हाय. गोल झाला तर तुमच्या कपातला चहा हिंदकाळतोय. आणि तुम्ही पन्नास वर्षांत एकदा आत पाऊल टाकलं न्हाई. आमच्या कॉलेजचा एवढा जुना माणूस, आणि घरच्या मॅचला न्हाई! कारण सांगा, मग सोडतो."

निलाक्कांनी माझ्याकडं बघितलं. "सांगा की, धोंडीअण्णा. मलाबी ऐकायचंय."

म्हणून मी दोनशे बारा माणसांपासून सुरुवात केली.

साल त्र्याहत्तर. मी एफ.वाय. दोनदा करून एस.वाय.ला पोचलेला, टीमचा सोळावा खेळाडू, म्हणून मॅचभर बसाण्णाच्या टेबलाशी बसलेला. पंधरा जणांना ताप आला असता तर मी खेळलो असतो, पण आमच्या गावाची हवा भलतीच चांगली. टीम म्हणाल तर अशी, की बेळगावची पोरं आमचं नाव ऐकून बूट उलटे घालायची. पण मैदानात माणूस नाही. पन्नास-साठ डोकी, त्यातली निम्मी सावलीला आलेली.

अशात विद्यापीठाचं पत्र आलं. ज्या मैदानावर प्रेक्षक नाहीत, तिथले झोनचे सामने पुढच्या वर्षापासून कोल्हापूरला हलवणार. प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. आमचे हेब्बाळकर सर अर्थशास्त्र शिकवायचे आणि फुटबॉलचंही तेच बघायचे. ते म्हणाले, "लोक का येत नाहीत हे आपण लोकांनाच विचारू." पुण्याला कुठल्याशा शिबिरात ते ही विद्या शिकून आले होते.

सरांनी एक फॉर्म केला. 'आपण आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावरील सामन्यांस उपस्थित राहता काय? राहत असल्यास का? राहत नसल्यास का?' नाव लिहायचं नाही, म्हणजे लोक खरं सांगतील. सायक्लोस्टाईलवर तीनशे काढायचे होते, दोनशे बारावर स्टेन्सिल फाटली. गठ्ठा माझ्या हातात देऊन सर म्हणाले, "धोंडीराम, तू दगडालाही बोलतं करशील. घरोघर जा."

मी गेलो. खोटं नाही सांगत, चार घरं केली. पहिल्या घरात म्हातारा म्हणाला, "कोण म्हणतंय मी येत न्हाई? नाव सांग त्याचं." दुसऱ्या घरच्यानं फॉर्म बाजूला सारून वहीच्या कागदावर नळाला पाणी येत नसल्याचा अर्ज लिहून दिला, खाली सही आणि तारीख. तिसऱ्या घरातल्या आजीनं फॉर्म तीनदा वाचायला लावला, मग विचारलं, "कुनाचा रं तू?" आणि दोन लाडू दिले. चौथ्या घरी कुत्रं होतं.

"मग?"

"मग मी घुगऱ्यांच्या मळ्यात गेलो. पाण्याच्या मोटारीच्या खोलीत पोत्यावर बसलो. तीन पेनं होती, निळं, काळं आणि हिरवं. दोन हात होते. झालो एकेक माणूस."

तौसीफनं कपाळावर हात मारला. "समदे फॉर्म तुम्हीच भरले?"

"अरे, अशी कारणं दिली की सरांनी पुण्याला पाठवली असती तर बक्षीस आलं असतं. एकजण म्हणाला, 'रेफ्री माझा मेव्हणा आहे, त्याचं तोंड बघायची इच्छा नाही.' एकाच्या डोळ्यावर ऊन येत होतं. एकाचा पोरगा टीममध्ये घेतला नव्हता. कंडक्टरनं लिहिलं, 'दर रविवारी ड्यूटी, दोष महामंडळाचा.' डाव्या हातानं एका म्हाताऱ्याचा फॉर्म लिहिला, त्याचं अक्षर इतकं थरथरतं आलं की मलाच दया आली."

तौसीफ पोट धरून हसत होता. मीही हसलो. कप उचलला तर तो रिकामा होता. तरी तोंडाला लावला.

मग बसाण्णाचं सांगावं लागलं, कारण तौसीफला ठाऊक नव्हतं.

मैदानाच्या फाटकाला लागून बसाण्णाचं सायकलचं दुकान. एरवी माणूस गप्प. पंक्चरची जागा बोटानं दाखवायचा, पैसे बोटानं सांगायचा. पण रविवारी चार वाजता धुतलेला सदरा घालून तो माईकसमोर बसला की अर्ध्या गावात दुसरा आवाज नाही. आणि त्याची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच मैदानावर ऐकली नाही. खेळाडूचं नाव तो बापाच्या नावानं किंवा आडनावानं घ्यायचा नाही. आईच्या नावानं घ्यायचा.

"आला, आला, शेवंताचा पांडू आला! एकाला चकवला, दुसऱ्याला चकवला, शेवंते, काय खायला घालतीस गं ह्याला! पास दिला यल्लव्वाच्या शिवाला... शिवानं घालवला. जाऊ दे यल्लव्वा, घरी गेल्यावर मारू नको." आणि गोल वाचला की, "हलीमाबीच्या लतीफनं अडवला! हलीमाबी, दृष्ट काढा पोराची!" पाहुण्या टीमच्या आया ठाऊक नसायच्या. तेव्हा म्हणायचा, "पाहुण्यांचा अकरा नंबर. बिचाऱ्याची आई कोण ते ठावं न्हाई, पण भाकरी झ्याक करत असणार, पळतोय बघा कसा!"

एकदा मी विचारलं होतं, असं का म्हणून. स्पोक आवळत म्हणाला, "बापाचं नाव दाखल्यावर हाय, सातबाऱ्यावर हाय, दुकानाच्या पाटीवर हाय. तिचं कुठं लिव्हलंय?"

त्या काळात बायका मैदानात बसायच्या नाहीत. पण चिंचेखालच्या पडक्या भिंतीपलीकडं उभ्या राहायच्या, नाहीतर आजूबाजूच्या घरांच्या माळवदांवर. कुणाच्या हातात सूप, कुणाच्या कडेवर पोर. चेंडूकडं त्यांचं लक्ष असेलच असं नाही. आपलं नाव कधी येतंय याकडं कान. वर्षानुवर्षं 'अमक्याची आई' आणि 'तमक्याची बायको' म्हणून जगणाऱ्या बाईचं नाव भोंग्यातनं अख्ख्या गावावर फिरायचं. हेब्बाळकर सरांनी डोकी मोजली ती मैदानातली. भिंतीपलीकडची मोजली नाहीत.

"अप्पा आधी समद्यांची नावं विचारून यायचे," निलाक्का म्हणाल्या. "नवीन पोरगा टीममध्ये आला की त्याच्या घरी जायचे. बाहेरनंच हाक मारायची, बाई, तुमचं नाव काय? घ्यू का? ती व्हय म्हणाली तरच घ्यायचे."

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर... असो.

तर मोटारीच्या खोलीत पावणेदोनशेच्या आसपास फॉर्म झाल्यावर माझी कारणं संपली. बोटं दुखायला लागली. डोकं चालेना. मग जे सुचलं ते एका फॉर्मवर लिहिलं. 'लाऊडस्पीकरवरून घरच्या बायकांची नावं चव्हाट्यावर घेतली जातात. म्हणून आमच्या घरातलं कोणी मॅचला येत नाही.' लिहायला सोपं होतं. म्हणून पुढच्यावर तेच लिहिलं, थोडं फिरवून. त्याच्या पुढच्यावर पुन्हा.

"किती?"

"असतील तीस."

निलाक्का माझ्याकडं बघत राहिल्या.

"चाळीस असतील," मी म्हणालो. "एकेचाळीस."

तौसीफ आता हसत नव्हता. "काका, पन तेच का?"

"सुचलं म्हणून. गंमत, दुसरं काय! पोरवय. मला काय ठाऊक, सर ते मोजणार आहेत!"

सरांनी मोजलं. मोठ्या कागदावर रंगीत खडूनं उभे पट्टे काढले. उन्हाचा पट्टा बोटाएवढा, मेव्हण्याचा नखाएवढा, आणि बायकांच्या नावांचा पार वरच्या कडेला टेकलेला. प्राचार्य तो कागद बघून खुर्चीत सरळ झाले. बायकांच्या अब्रूची गोष्ट. उद्या कोणी कॉलेजवर काठ्या घेऊन आलं तर?

बसाण्णाला बोलावलं. सर्वेक्षण करणारा म्हणून मीही तिथं खिडकीजवळ उभा. बसाण्णा हात पुसत आला, ग्रीस नखांत तसंच. प्राचार्य बराच वेळ आडून आडून बोलले. शेवटी सरांनीच कागद पुढं केला.

बसाण्णानं तो पट्टा बघितला. "हे माझं हाय?"

"लोकांचं मत आहे, बसाप्पा. आमचं नाही."

"एकेचाळीस घरं?"

"एकेचाळीस."

"कुठली?"

"नावं नाहीत. गुप्त ठेवायची असतात."

बसाण्णानं गठ्ठा मागितला. सरांनी दिला. उभ्या उभ्याच तो एकेक फॉर्म उलटत राहिला. बराच वेळ. मी खिडकीतनं ग्राउंडमन चुना मारत होता ते बघत होतो. जगात इतकं लक्ष देऊन चुना मारलेला मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी बघितला नाही. मग बसाण्णानं गठ्ठ्याच्या कडा टेबलावर आपटून नीट केल्या आणि सरांपुढं ठेवला.

"मी न्हाई बसत आता," एवढं म्हणाला आणि गेला.

त्याच दिवशी ऊन उतरताना तो माझ्या दारात. आत ये म्हटलं, आला नाही. चप्पल पायातच.

"धोंडू, घरोघर तू गेलतास."

"हो."

"मग चल. ज्या घरातल्या बाईला वाईट वाटलंय, ते घर दाव. एकेचाळीस न्हाईत जमली तर एक दाव. मी पाया पडून येतो."

"बसाण्णा, गुप्त असतं ते."

"मी कुनाला सांगत न्हाई. तू नुस्ता दारात हुबा ऱ्हा. बोलायचं असलं तर बोल, नसलं तर नको."

काय करणार? निघालो. रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही. मी मात्र ऊस, पाऊस, सिनेमा, सगळ्यावर बोललो.

पहिल्यांदा शेवंताबाईच्या दारात नेलं. पांडू सेंटर फॉरवर्ड, म्हणजे तिचंच नाव सगळ्यात जास्त घेतलं जायचं. मला वाटलं, बाई लाजरी आहे, गप्प बसेल. गप्प बसली की काम झालं. बसाण्णानं हात जोडले. "बाई, माइकवर तुमचं नाव घेतलं. मन दुखवलं असंल तर माफ करा."

शेवंताबाई जात्यावरनं उठून आली. "मन? अवं, लग्न होऊन बावीस वरसं झाली. ह्यास्नी माझं नाव म्हाईत हाय का न्हाई कुणाला ठावं. रविवारी कळतंय, मला बी नाव हाय म्हणून. कोण म्हणालं दुखावली?" आणि माझ्याकडं वळून, "तू म्हणालास?"

"मी नाही. लोक म्हणतात."

"कंच्या लोकास्नी लागून गेलंय माज्या नावाचं?"

बसाण्णा वळला. त्यानं माझ्याकडं बघितलं, नुसतं. थांबला थोडा. मग म्हणाला, "हे घर न्हवं वाटतं. दुसरं दाव."

हलीमाबीच्या घरी पडदा होता. मी मनात म्हटलं, इथं नक्की. बसाण्णा उंबऱ्याबाहेर उभा राहून तेच म्हणाला. पडद्यामागं बराच वेळ बांगड्यांचा आवाज. मग हलीमाबीचा. "बसाण्णा, नाराज तर आहेच मी."

माझा जीव भांड्यात पडला.

"मागच्या रविवारी लतीफनं पाच गोल अडवले, आणि तुम्ही नाव दोनदाच घेतलं. तीन कुठं गेले?"

बसाण्णा हसला. त्या दिवशीचं ते एकच हसू. हसता हसता पुन्हा माझ्याकडं बघितलं. पडद्यामागं हलीमाबी, दारात आम्ही दोघं. त्याला घाई नव्हती. जणू त्याला वाटत होतं, आणखी कोणाला काही म्हणायचं असेल. मी म्हणालो, "पुढच्या गल्लीत बघू."

यल्लव्वानं तर झाडूच उचलला. "कुनी लिव्हलं? आण त्याला हितं! माज्या नावाला नाव ठिवणारा कोण तो बघू दे मला!"

"धोंडू, कोण रं ते?" बसाण्णानं विचारलं. हळू विचारलं, तिच्या देखत.

आता इथं मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "शेवटचं एक घर राहिलंय. तिथंच असणार."

आणि मी त्याला कुंभार गल्लीच्या टोकाच्या घरासमोर नेऊन उभा केला. घराला कुलूप. ते लोक दिवाळीपासून बेळगावला गेलेले, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "हेच ते घर. हीच बाई म्हणाली होती. आता गेलेत, काय करणार?"

तौसीफ म्हणाला, "आयला, काका."

बसाण्णा पायरी चढून वर गेला. कुलपासमोर उभा राहिला. मला वाटलं, हसेल नाहीतर शिवी देईल. त्यानं हात जोडले आणि त्या कुलपाला म्हणाला, "बाई, चुकलं असंल तर पदरात घ्या." अगदी मनापासून म्हणाला, आत कोणी ऐकतंय असं. मग तिथंच उभा राहून माझ्याकडं वळला.

"आता तू काय म्हणतोस, धोंडू?"

"मी काय म्हणणार, बसाण्णा?"

"काय बी न्हाई?"

"न्हाई."

"बरं," तो म्हणाला. खाली उतरला आणि दुकानाकडं गेला. मी घरी आलो. त्या रात्री जेवलो नाही म्हणावं तर तेही खोटं, जेवलो.

रविवारी मॅच. टेबलावर माईक, खुर्ची रिकामी. सर म्हणाले, "धोंडीराम, तू बस." मी तीनदा नको म्हणालो. सर ऐकेनात. जबरदस्तीनं बसवलं.

आणि मी बोललो. आवाज माझा वाईट नव्हता बरं का. पुस्तकी मराठीत, रेडिओवर ऐकलेलं तसं. "पांडुरंग दत्तोबा शिंत्रे यांच्याकडे चेंडू. पांडुरंग शिंत्रे यांनी तो शिवाजी भीमाप्पा नाईक यांना दिला." मैदान कुजबुजलं. पांडूनं पळता पळता मान वळवून भोंग्याकडं बघितलं, आपल्या बापाला कोण बोलवतंय म्हणून. चेंडू गेला.

भिंतीपलीकडं बायका उभ्या होत्या. पहिली पाच मिनिटं वाट बघितली. दहा मिनिटं बघितली. मग हलीमाबीचा बुरखा वळला आणि घराकडं चालू लागला. शेवंताबाई थोडा वेळ थांबली. मग माळवदं रिकामी व्हायला लागली. सूप घेतलेल्या आत गेल्या, पोरंवाल्या आत गेल्या. मी माईकसमोर बसून एकेक माळवद रिकामं होताना बघत होतो, आणि तोंडानं 'कॉर्नर किक, कॉर्नर किक' म्हणत होतो. तेव्हा चेंडू मैदानाच्या मधोमध होता.

हाफ टाइमनंतर माझ्यानं राहवेना. पांडूला चेंडू मिळाला तसा मी ओरडलो, "आला, आला, शेवंताचा पांडू आला!"

पांडू थांबला. खेळ चालू असताना चेंडूवर पाय ठेवून थांबला आणि टेबलाकडं बोट करून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ए धोंड्या. माझ्या आईचं नाव तुझ्या तोंडात नको."

शिट्टी वाजली, का वाजली ते आठवत नाही. मी माईक बंद केला.

त्याच्या पुढच्या रविवारी मैदानात चाळीस माणसं. त्याच्या पुढं वीस. पुरुषांना मॅचला कोण पाठवत होतं ते तेव्हा कळलं. घरातनं "जावा की, पांडूचं काय झालं बघून या" म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. वर्ष संपताना झोनचे सामने कोल्हापूरला गेले. बसाण्णानं दुकान सोडलं नाही, पण बाकडं फिरवलं, पाठ मैदानाकडं येईल असं. त्यानंतर तो फाटकातनं आत आला नाही. आणि मीही नाही.

मी थांबलो. बाहेर मैदानात पोरं उद्याच्यासाठी झेंडे बांधत होती, त्यांचा आवाज येत होता.

तौसीफनं बशी बाजूला सारली. मग तो म्हणाला, "काका, उद्या हेच सांगा. असंच. लोकांस्नी कळू दे, पोरवयातली एक गंमत किती लांब जाती."

"गंमतच रे ती," मी म्हणालो. जीव जरा हलका झाला होता, म्हणून जास्तच बोललो. "माझ्या मनात काळंबेरं काही नव्हतं. कारणं संपली, सुचलं ते लिहिलं. माईकचा मला कधी सोस नव्हता, तो गळ्यात पडला. आणि एक बरं झालं, फॉर्म कोणी लिहिले ते बसाण्णाला मरेपर्यंत कळलं नाही. माणूस समाधानानं गेला."

निलाक्कांनी कप खाली ठेवला.

"खोटं," त्या म्हणाल्या.

तौसीफनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खोटं बोलताय, धोंडीअण्णा. अप्पांनी ते फॉर्म तिथं ऑफिसातच वाचले हुते. एकेचाळीसातल्या सोळांवर खाली लिव्हलेलं, 'बसाप्पांच्या जागी धोंडीराम सावेकर यांना माईक द्यावा.' सोळांवर. तीन रंगांत. अप्पांनी घरी यून आईला सांगितलं, आणि चप्पल न काढता तुमच्याकडं निघाले. आई म्हणाली, अवं, कुनी केलं ते कळलंय न्हवं तुम्हास्नी? मग त्याला घेऊन दारोदार कशाला हिंडताय? तर अप्पा म्हणाले, 'कंच्या तरी एका दारात बोलंल की पोरगं.'"